ओढणी आधी, घागरा नंतर



चातुर्मास संपला की आपल्याकडे लग्नाच्या याद्या निघतात, आणि याद्या निघाल्या की मला एक प्रश्न हमखास येतो. आधी फोनवर घागऱ्याचा फोटो येतो. पिस्ता, अबोली, राखाडी, नाहीतर आता नवीन निघालाय तो धुवट जांभळा. घागरा ठरलेला असतो, पैसेही भरलेले असतात. मग विचारणा होते, "काकू, याच्या डोक्यावर काय शोभेल?"

या प्रश्नाचं उत्तर दुकानातला मुलगाही देतो. घागऱ्याच्या रंगाची नेट, तिला चारी बाजूंनी लेस. झालं. पण मला या ओढणीचा इतिहास जितका कळत गेला, तितकं वाटू लागलं की आपण प्रश्नच उलटा विचारतोय. कितीतरी शतकं नवरीचं डोक्यावरचं वस्त्र आधी ठरत होतं आणि बाकीचा पोशाख त्याला जुळवून घेत होता. घागऱ्याच्या पेटीत ओढणी फुकट येऊ लागली ती अगदी अलीकडे. आज त्या जुन्या क्रमाबद्दल लिहिते. ज्यांच्या घरात यंदा कार्य आहे, त्यांना उपयोगी पडेल.

दोन घरांची दोन वस्त्रं

आमचे पूर्वज गुजरातेतून सोलापूरकडे आले. भाषा मराठी झाली, आमटीत काळा मसाला आला, पण लग्नातलं पानेतर आणि घरचोळा मात्र सुटले नाहीत. मराठी जैन मैत्रिणींसाठी सांगते. पानेतर म्हणजे पांढरी, गजी रेशमाची साडी. तिचे काठ आणि पदर लाल, आणि त्यावर बांधणीचे ठिपके. ही माहेरची, बहुतेक घरांत मामाकडून येते. घरचोळा सासरचा. तो लाल, कधी हिरवाही. अंगभर जरीच्या रेघांचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात बांधणीने उठवलेलं चित्र: हत्ती, पुतळी, पोपट, कमळ. बारा चौकटींच्या रचनेला 'बार बाग' म्हणतात आणि बावन्न चौकटींच्या रचनेला 'बावन बाग'. बाग म्हणजे खरोखरच बगीचा. बावन्न म्हटलं की आपल्याला नंदीश्वर द्वीपावरची बावन्न जिनालयं आठवतात, त्यामुळे आमच्याकडच्या बायका तो आकडा मोठ्या आवडीने उच्चारत.

नवरी मांडवात येते ती पानेतर नेसून. लग्न लागताना सासरकडून घरचोळा येतो आणि तो तिच्या डोक्यावरून पांघरला जातो. 'घरचोळा' या शब्दातच घर आहे, नव्या घराचं वस्त्र. आत मामाचं पांढरं, वर सासूचं लाल, आणि त्या दोहोंच्या मध्ये मुलगी. ती कुठून आली आणि कुठे चालली, हे न बोलता सगळ्या मांडवाला दिसतं.

आता यातली जुळणी बघा. दोन वस्त्रं दोन घरांतून येणार. दोन्ही घरांनी एकमेकांना फोटो पाठवायची सोय नव्हती. तरी मांडवात रंग विजोड होत नसे, कारण पानेतर पांढरं ठेवून त्याला लाल काठ देण्यातच सगळा तोडगा होता. पांढरं अंग वरच्या लालाला जागा देतं आणि लाल काठ त्याच्याशी नातं सांगतो. वरचं वस्त्र भरलेलं, म्हणून आतलं शांत. हा नियम कुणी पुस्तकात लिहिला नाही, पण आजही ओढणी जुळवताना याच्याहून चांगला नियम मला सापडलेला नाही.

२०२४ मध्ये गुजरातच्या घरचोळ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला. पण मानांकन मिळेपर्यंत आपल्या कपाटातले घरचोळे घडीवर फाटू लागलेत, हेही खरं.

ही कला किती जुनी

बांधणीची ओढणी नवरीच्या अंगावर कधीपासून आहे? सातव्या शतकात बाणभट्टाने सम्राट हर्षाचं चरित्र संस्कृतात लिहिलं. त्यात हर्षाची बहीण राज्यश्री हिच्या लग्नाच्या तयारीचं वर्णन आहे. मौखरी घराण्यातल्या ग्रहवर्म्याशी तिचं लग्न ठरलं आणि राजवाड्यात कापडाची लगबग उडाली. बाण तिथे कापडांची नावंच सांगतो: क्षौम, बादर, दुकूल, अंशुक, नेत्र. यातलं बादर म्हणजे सुती. राजकन्येच्या लग्नातही सूत रेशमाच्या पंगतीला बसलेलं होतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्याच वर्णनात कापड रंगवण्याची जी रीत येते, ती गाठी मारून रंगवण्याची, म्हणजे बांधणीची असल्याचं वासुदेवशरण अग्रवालांसारख्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे नवरी आणि बांधणी यांची सोबत निदान तेराशे वर्षांची.

दुसरा पुरावा आपल्या भांडारांतला आहे. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या तुम्ही प्रदर्शनात किंवा पर्युषणात पाहिल्या असतील. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या गुजरातेतल्या पोथ्यांमधल्या बायका नीट बघा. आखूड चोळी, खाली नक्षीचं वस्त्र आणि वर पारदर्शक ओढणी. ही ओढणी अंगाला चिकटत नाही, पंखासारखी बाहेर उभी राहते. तिच्यातून खालची चोळी, हार, वेणी सगळं दिसतं. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांनी १९४९ साली पश्चिम भारतातल्या जैन लघुचित्रांवर मोठा ग्रंथ लिहिला. पोथीतली चित्रं धर्माची तर आहेतच, पण त्या काळच्या कापडाचीही ती नोंदवही आहे. त्या चित्रांतली हंसांची नक्षी आणि इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तात इथे सापडलेल्या गुजराती कापडाच्या तुकड्यांवरची नक्षी एकमेकींच्या बहिणी शोभतात. आणि ते तुकडे सुती आहेत.

बांधणीचं काम कसं होतं, तेही सांगायला हवं, कारण ते बायकांचं काम आहे. कापडाच्या घड्या घालून त्यावर नक्षीच्या खुणा करतात. मग घरोघरच्या बायका वाढवलेल्या नखाने, नाहीतर टोकदार अंगठीने कापडाचा इवलासा शेंडा उचलतात आणि त्याला दोऱ्याचे वेढे देऊन गाठ मारतात. एका वस्त्रावर अशा हजारो गाठी. मजुरी गाठी मोजून. रंगवताना फिका रंग आधी, गडद रंग नंतर. म्हणजे पांढरे ठिपके पहिल्या रंगाआधी बांधायचे, पिवळे ठिपके पिवळ्यात बुडवून झाल्यावर बांधायचे आणि शेवटी सगळं लालात. गाठी न सोडताच कापड विकायला ठेवतात. गिऱ्हाईकासमोर दोन्ही टोकं धरून तिरकी ओढ दिली की तडतड करत गाठी सुटतात. तो आवाज म्हणजे अस्सलपणाची पावती. छापील बांधणीला तो आवाज नसतो, आणि कापडावर गाठींचा उंचसखल खडबडीतपणाही नसतो.

जिथे पदरच ओढणी

आपल्या मराठी घरांत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला होता. नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतला की तीच ओढणी. एकाच मागावरचं, एकाच रंगाचं कापड, मग जुळवायचं काय? तरीही दोन घरांची दोन वस्त्रं इथेही आहेतच. गौरीहर पूजताना नवरी पिवळी अष्टपुत्री नेसते. ती साधी, पातळ, सुती, आणि बहुतेक ठिकाणी मामाकडची. (नावातला आठ पुत्रांचा आशीर्वाद आजच्या मुलींना ऐकवू नका, हसतात.) मग सासरचा शालू, आणि त्यावर खांद्यावरून शेला. मुंडावळ्या कपाळावर, पदर डोक्यावर.

गंमत बघा, गुजरातेत मामाचं पांढरं आणि वर सासरचं लाल. महाराष्ट्रात मामाचं पिवळं आणि वर सासरचा शालू-शेला. रंग बदलले, रीत तीच. आतलं साधं माहेरचं, वरचं भरजरी सासरचं. दोन्हीकडे नवरीच्या डोक्यावरचं वस्त्र कुणी दिलं, याला महत्त्व. ते घागऱ्याला शोभतं का, असं कुणी विचारत नसे.

विलायतेतली राणी आणि नेटचं यंत्र

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. १० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. पांढऱ्या पोशाखातली नवरी आणि तिच्या डोक्यावरचा झिरझिरीत जाळीचा पदर, हे चित्र जगभर पसरलं ते तिच्यामुळे. पण तिने पांढरं का निवडलं, हे क्वचित सांगितलं जातं.

डेव्हन परगण्यात होनिटनच्या आसपासच्या गावांमध्ये बायका हाताने लेस विणत. छोट्या लाकडी चात्यांवर दोरा गुंडाळून उशीवर टाचण्या टोचत विणायचं, दिवसाकाठी बोटभर व्हायचं. १८०८-०९ च्या सुमारास जॉन हीथकोट नावाच्या माणसाने जाळी विणायचं यंत्र काढलं. हाताच्या कामाला भाव राहिला नाही. लुडाइट मंडळींनी १८१६ साली त्याचा लाफबरोचा कारखाना फोडला, तेव्हा त्याने बिऱ्हाड उचललं ते थेट डेव्हनमध्ये, टिव्हर्टन गावी. म्हणजे लेस विणणाऱ्या बायकांच्या दारातच यंत्र आलं.

राणीने लग्नासाठी होनिटनची हातची लेस मागवली. बीअर नावाच्या गावात दोनशेहून अधिक बायका कित्येक महिने त्या कामावर होत्या. पोशाखाचं साटीन स्पिटलफील्ड्सच्या विणकरांचं, तेही आपल्याच देशातलं. पांढऱ्या साटीनवर ती लेस उठून दिसावी, अशीच त्या पोशाखाची मांडणी असल्याचं पोशाखाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे तिथेही लेस आधी, झगा नंतर. नक्षीचे नमुने काम झाल्यावर नष्ट करण्यात आले, दुसऱ्या कुणी नक्कल करू नये म्हणून.

मला यापुढचं जास्त आवडतं. राणीने ती ओढणी पेटीत ठेवून दिली नाही. घरातल्या समारंभांना ती लेस पुन्हा पुन्हा वापरली. १८९७ च्या हीरक महोत्सवाच्या अधिकृत छायाचित्रात सत्तावन्न वर्षांपूर्वीची तीच ओढणी तिच्या डोक्यावर आहे. १९०१ साली ती गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे लग्नाच्या ओढणीसहच तिला निरोप दिला गेला. एवढ्या मोठ्या साम्राज्याची मालकीण, पण ओढणी एकच.

आणि आज आपण घागऱ्यावर 'दुसरी ओढणी' म्हणून जी रंगीत नेट घेतो, ती हीथकोटच्या त्या यंत्राचीच नात आहे. नेट वाईट आहे असं मी म्हणत नाही. हलकी असते, डोक्यावर राहते, केस ओढले जात नाहीत. पण ती कुणी विणली, कुणी दिली, असं विचारलं तर तिच्याकडे सांगायला काही नसतं.

डोकं झाकणं आणि तोंड झाकणं

जुनं सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. ओढणीच्या इतिहासात लाजेचा भागही आहे. आमच्या सासूबाईंच्या लग्नात घरचोळा नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढलेला होता. त्या सांगत, "मला लग्नात फक्त पाय दिसले. माझे, आणि पुढे चालणाऱ्यांचे." सासऱ्यांसमोर लाज, जेठांसमोर लाज, आणि घरात पाहुणे आले की खुणांनी बोलायचं. मराठी घरांत पदर डोक्यावर असे, तोंडावर सहसा नसे, पण मोठ्या सरदार घराण्यांत गोषा होताच.

हा पडदा दूर करणाऱ्या बायकांत दोन नावं आपल्या जवळची आहेत. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. त्यांनी पडदा सोडला आणि पुढे १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. दुसऱ्या वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज. मारवाडी घरातल्या, श्रीमंत घरात दिलेल्या. त्यांनी पडदा सोडला, सोनं उतरवलं, रेशीम सोडून खादी धरली आणि इतर बायकांनाही घराबाहेर आणलं. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

या दोघींनी काय टाकलं आणि काय ठेवलं, ते आपण नीट पाहिलं पाहिजे. टाकला तो पडदा. डोक्यावरचा पदर टाकला नाही. म्हणून आज एखादी मुलगी म्हणाली की "ओढणी म्हणजे जुनाट, मला नकोच," तर तिला रागावू नका. तिला हा फरक सांगा. तोंडावरची ओढणी बाईला लपवत होती. डोक्यावरची ओढणी ती दोन घरांची आहे असं सांगते. शिवाय पोथीतल्या बायकांची ओढणी तर आरपार दिसणारी होती. म्हणजे पडदा हीच आपली मूळ रीत होती, असंही कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

राजुलच्या मांडवातला प्रश्न

आता आपल्यासाठी सगळ्यात अवघड भाग, रेशीम.

आपल्याकडे लग्नाची एक कथा अशी आहे की जी लग्नाशिवाय संपते. नेमिकुमारांची वरात जुनागढला उग्रसेन राजाच्या दारी आली. राजुल नवरीच्या वेषात वाट बघत होती. वाटेत नेमिकुमारांना कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकू आला. सारथ्याला विचारलं तेव्हा कळलं की हे सगळे लग्नाच्या जेवणासाठी आहेत. त्यांनी रथ वळवला तो गिरनारकडे. कल्पसूत्राच्या पोथ्यांत हा प्रसंग हमखास असतो: एका बाजूला मांडव, एका बाजूला कोंडलेली हरणं आणि मध्ये वळलेला नेमिकुमार. राजुलने पुढे दीक्षा घेतली. भरजरी वस्त्रं उतरली आणि पांढरं वस्त्र आलं.

आपण लग्नाच्या पंगतीत कांदा-लसूण येऊ देत नाही, सूर्यास्ताआधी जेवणं उरकतो. पण नवरीच्या डोक्यावरच्या वस्त्राचा हिशेब फारसा मांडत नाही. मी बी. कॉम. झालेली, म्हणून एकदा मांडून बघितला. रेशमाचा किडा स्वतःभोवती एकच अखंड धागा गुंडाळतो, जवळपास किलोमीटरभर लांब. पतंग बाहेर पडला तर तो धागा तोडतो, म्हणून त्याआधीच कोश उकळत्या पाण्यात किंवा वाफेत टाकतात. आपल्या देशात एक किलो कच्च्या रेशमाला साधारण साडेसहा-सात किलो कोश लागतात आणि एका किलोत पाच-सहाशे कोश बसतात. म्हणजे किलोला तीन-चार हजार जीव. अर्धा किलो रेशमाचं वस्त्र धरलं तरी दीड-दोन हजार. हिशेब ढोबळ आहे, पण आकडा शंभराच्या घरातला नाही एवढं नक्की.

यावर आपल्यातच दोन मतं आहेत. कुणी रेशमाला शुद्ध मानून पूजेलाही नेसतात, कुणी त्याचा कायमचा त्याग केलेला आहे. मी कुणाला उपदेश करायला बसलेले नाही. पण ज्या घरात रेशमाचा त्याग आहे, त्या घरातली मुलगी "मग माझ्या लग्नात परंपरा कशी राहणार?" असं म्हणते, तेव्हा तिला इतिहास मदतीला येतो. अष्टपुत्री सुती. बाणाच्या यादीतलं बादर सुती. फुस्तातचे तुकडे सुती. आणि घरचोळासुद्धा पूर्वापार तलम सुतावर जरीच्या चौकटी विणून करत आले आहेत, रेशमी घरचोळ्याचंच कौतुक वाढलं ते पुढे. म्हणजे सुती घरचोळा निवडणारी मुलगी परंपरा मोडत नाही.

पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशांपासून सूत कातायचीही एक पद्धत आहे. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी १९९० च्या दशकापासून ती रुजवली, तिला अहिंसा रेशीम म्हणतात. धागा तुटका असल्यामुळे तो कातावा लागतो, म्हणून चमक कमी आणि पोत मऊ, जरासा गाठाळ. माझ्या मते डोक्यावरच्या वस्त्राला ती कमी चमकच शोभते.

आणि घरातला जुना रेशमी घरचोळा? तो आधीच विणलेला आहे. तो नेसल्याने नवीन कोश उकळला जात नाही, उलट एक नवीन वस्त्र वाचतं. त्याग असलेल्यांनी आपल्या महाराज साहेबांना किंवा माताजींना विचारून ठरवावं.

मग जुळवायचं कसं?

माझ्या धाकट्या जावेच्या मुलीने फिका पिस्ता घागरा पसंत केला होता, पैसे भरायचे बाकी होते. होणाऱ्या सासूबाईंनी त्यांच्या घरातला तीन पिढ्यांचा घरचोळा पुढे केला. मुलगी माझ्याकडे आली, "मोठी काकू, याच्यावर ते लाल कसं दिसेल हो?" मी म्हटलं, "वाईट दिसेल. म्हणून घागरा बदल." तिला वाटलं होतं मी घरचोळा नाकारायची एखादी गोड युक्ती सांगेन. दोन दिवस गाल फुगवून होती. मग स्वतःच मोतिया रंगाचा, फक्त खाली लाल काठाचा साधा घागरा घेऊन आली, आणि पिस्ता स्वागत समारंभाला ठेवला. घागरा निम्म्या किमतीत झाला, हे जावेचं समाधान वेगळंच.

तर माझा क्रम असा.

पहिलं, दोन्ही घरांतल्या आजी, आई, सासू यांना विचारा: लग्नाचं वस्त्र कुणाकडे आहे का? खरेदीला जाण्याआधी विचारा. नंतर विचारलं तर सगळ्यांचीच पंचाईत होते.

दुसरं, डोक्यावरचं भरलेलं असेल तर अंगावरचं शांत ठेवा, आणि दोहोंत एक रंग सामाईक असू द्या. लाल घरचोळ्याखाली मोतिया, हळदी किंवा गर्द हिरवा चालतो, काठ लाल हवा. फिके, धुवट रंग जुन्या लालाशेजारी मळके दिसतात.

तिसरं, जरीला जर जुळवा. जुनी जर चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली असते, ती काळाने तांबूस-मंद होते. तिच्याशेजारी नवी झगझगीत पिवळी जर ठेवली की जुनी फिकी वाटते आणि नवी खोटी. घागऱ्यावर मंद जर घ्या, नाहीतर जरच नको. चंदेरी गोटा आणि सोनेरी जर एकत्र शक्यतो टाळा.

चौथं, वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ओढणी ठेवून बघा. जड वस्त्र चार तास डोक्यावर राहिलं की मान धरते आणि नवरीचं लक्ष विधीवर राहत नाही. जड असेल तर खांद्यावर घ्या आणि डोक्यावरून त्याचा फक्त काठ येऊ द्या.

पाचवं, जुन्या कापडाला पिन टोचू नका. डोक्यावर येणाऱ्या भागाला आतून मलमलची पट्टी कच्च्या टाक्यांनी लावा आणि पिना त्या पट्टीला लावा. घरचोळा साडीएवढा लांब असेल तर तो कापू नका. मध्ये दुमडून, पदर पुढे आणि बाकीच्या चुण्या पाठीवर, अशी ओढणी छान बसते. तिच्या मुलीला तो पुन्हा साडी म्हणून नेसता येईल.

सहावं, नवीन घेणार असाल तर विचारून घ्या. 'आर्ट सिल्क' म्हणजे कृत्रिम धागा, त्यात रेशीम नसतं. चंदेरी आणि कोटा यांत बऱ्याचदा सुताबरोबर रेशीम असतं. त्याग असेल तर काठाचा एक सुटा धागा जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर सूत.

आणि लग्न झाल्यावर ती ओढणी धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून ठेवा, डांबरगोळ्या जरीजवळ नकोत, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. घडीत एक कागद ठेवा. कुणी दिली, कुणाच्या लग्नात कोणत्या साली नेसली, एवढं त्यावर लिहा. आमच्या घरच्या तीन घरचोळ्यांपैकी एकावर असा कागद आहे. बाकी दोघांचं कुणाला काही सांगता येत नाही.